मुक्या माराचे मोजमाप : कन्कशन पुनर्वसन केंद्रातील नऊ आठवडे

कॉर्नर किकवर चेंडूसाठी उडी घेतली असताना प्रतिस्पर्धी खेळाडूचे डोके माझ्या कानशिलावर आदळले, तेव्हा माझी शुद्ध हरपली नव्हती, रक्त आले नव्हते आणि मी स्वतःच्या पायांनी चालत मैदानाबाहेर आले होते. त्या एका धडकेनंतर पुन्हा सामना खेळायला मला जवळपास तीन महिने लागले. त्यांतील पहिले तीन आठवडे मी अंधाऱ्या खोलीत पडून काढले आणि पुढचे नऊ आठवडे खेळातील कन्कशनवर, म्हणजे डोक्याला बसलेल्या हादऱ्याने मेंदूच्या कामकाजात होणाऱ्या बिघाडावर, उपचार करणाऱ्या एका बाह्यरुग्ण पुनर्वसन केंद्रात जाऊन-येऊन काढले. हे परीक्षण त्या केंद्राच्या सेवेचे आहे. केंद्राचे नाव मी देत नाही, कारण माझ्या काही तक्रारीही आहेत. शिवाय अशी सेवा जिथे मिळत असेल तिथे ती कशी पारखावी हे दुखापत झालेल्या दुसऱ्या खेळाडूला कळावे, हा माझा मुख्य हेतू आहे.

केंद्रात पोहोचण्यापूर्वी काय घडले हे थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. त्याच संध्याकाळी डोकेदुखी वाढू लागल्याने मला एका रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात नेण्यात आले. तिथे सीटी स्कॅन झाले, ते नॉर्मल आले, आणि ‘सगळे ठीक आहे, बरे वाटेपर्यंत आराम करा’ एवढ्या एका वाक्यावर मला घरी पाठवण्यात आले. स्कॅन करण्यात काहीच चूक नव्हती. वारंवार उलट्या होणे, डोकेदुखी सतत वाढत जाणे, झटके येणे, हातापायांत कमजोरी किंवा मुंग्या येणे, एक वस्तू दोन दिसणे, गुंगी वाढत जाणे यांपैकी काहीही दिसले तर कवटीत रक्तस्राव झालेला नाही याची खात्री आधी करावीच लागते, आणि ते काम कोणत्याही पुनर्वसन केंद्राचे नव्हे, रुग्णालयाचेच आहे. पण सीटी स्कॅनमध्ये कन्कशन दिसत नाही, ही गोष्ट मला तिथे कोणीही सांगितली नाही. हादऱ्याने मेंदूच्या पेशींमधील पोटॅशियम बाहेर पडते, कॅल्शियम आत शिरते, हा तोल सावरण्यासाठी पेशींना एकाएकी जास्त ऊर्जा लागते आणि नेमका त्याच वेळी रक्तपुरवठा कमी झालेला असतो. बिघाड कामकाजात असतो, रचनेत नसतो. म्हणून चित्र स्वच्छ येते आणि माणूस मात्र आजारी असतो. हे मला तीन आठवड्यांनंतर कळले. तोवर, स्कॅन नॉर्मल असूनही आपल्याला दिवा सहन होत नाही याचा अर्थ आपण मनाने खचलो आहोत, असेच मी धरून चालले होते.

‘बरे वाटेपर्यंत आराम’ हा सल्ला मी अक्षरशः पाळला. पडदे ओढलेले, फोन बंद, वाचन बंद, चालणे जेमतेम न्हाणीघरापर्यंत. पहिल्या दोन दिवसांत त्याचा उपयोग झाला. त्यानंतर मात्र झोपेची घडी मोडली, उठून बसले की भोवळ येऊ लागली, आणि ज्या उजेडापासून मी स्वतःला जपत होते तो रोज अधिकच बोचू लागला. खेळातील कन्कशनविषयी जगभरातील तज्ज्ञांची सहावी परिषद २०२२ मध्ये अॅम्स्टरडॅम येथे झाली आणि तिचे निवेदन २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात पहिले २४ ते ४८ तास सापेक्ष विश्रांती घ्यावी, म्हणजे नेहमीची घरातली हालचाल चालू ठेवावी, स्क्रीनचा वापर कमी करावा, आणि त्यानंतर सोसेल तितके चालणे-फिरणे सुरू करावे, असे स्पष्ट म्हटले आहे. सर्व लक्षणे जाईपर्यंत अंधारात पडून राहण्याचा सल्ला त्यात कुठेही नाही. माझे तीन आठवडे वाया गेले ते कोणाच्या दुष्टपणामुळे नव्हे, जुना सल्ला सवयीने दिला गेल्यामुळे. तरीही ते गेलेच.

चौथ्या आठवड्याच्या सुरुवातीला एका सहखेळाडूच्या आग्रहाने मी या केंद्रात गेले. पहिली भेट दीड तासाची होती, आणि तिचा पहिला अर्धा तास केवळ ऐकण्यात गेला. मार कुठे लागला, त्यापूर्वी कधी डोक्याला मार लागला होता का, अर्धशिशीचा त्रास आहे का, झोप कशी आहे, दिवसात सर्वांत वाईट वेळ कोणती, हे सर्व विचारून झाल्यावर २२ लक्षणांची यादी पुढे आली. डोकेदुखी, मळमळ, धुके पसरल्यासारखे वाटणे, मंदावल्यासारखे वाटणे, चिडचीड, लक्ष न लागणे, अशा प्रत्येक लक्षणाला ० ते ६ यांमधील अंक द्यायचा असतो आणि एकूण बेरीज जास्तीत जास्त १३२ होऊ शकते. माझी ५८ झाली. हा आकडा पाहून मला दिलासा मिळाला, हे वाचणाऱ्यास विचित्र वाटेल; पण तीन आठवड्यांत प्रथमच माझ्या दुखण्याला कोणीतरी माप लावले होते.

त्यानंतर आडवे झोपवून आणि उभे करून रक्तदाब व नाडी पाहिली गेली, आणि मग डोळ्यांची व तोलाची तपासणी झाली. ही तपासणी पाहायला अगदी साधी असते. पेनाच्या टोकामागे नजर हळूहळू फिरवायची. दोन बिंदूंमध्ये नजर झटपट उडवायची. एक अक्षर नाकाच्या दिशेने आणत ते कुठे दुहेरी दिसू लागते ते मोजायचे. मेट्रोनोम या ठेका देणाऱ्या यंत्राच्या मिनिटाला १८० ठोक्यांवर मान डावी-उजवीकडे हलवताना समोरच्या अक्षरावर नजर खिळवून ठेवायची. शेवटी हात लांब करून, अंगठ्याकडे पाहत, धड, डोके आणि हात एकत्र फिरवायचे. प्रत्येक चाचणीनंतर डोकेदुखी, चक्कर, मळमळ आणि धुके पसरल्यासारखे वाटणे यांना ० ते १० यांमधील अंक द्यायचे. अक्षर दुहेरी होण्याचे अंतर साधारण ५ सेंटिमीटरपर्यंत असावे अशी अपेक्षा असते. माझे १४ भरले. अंगठ्याच्या चाचणीत तर सहाव्या फेरीला मला भिंतीला धरून बसावे लागले. वाचताना ओळी एकमेकींवर चढतात, बाजारात किंवा गर्दीत गेले की जमीन सरकते, या माझ्या तक्रारींचा उगम त्या दहा मिनिटांत सापडला. डोळ्यांची दृष्टी उत्तम होती; दोन डोळ्यांची जोडी आणि तोल सांभाळणाऱ्या अंतर्कर्णाशी असलेले त्यांचे नाते बिघडले होते.

या सेवेतील सर्वांत मोलाचा भाग ट्रेडमिलवरची चाचणी हा होता, आणि त्याविषयी मी थोडे विस्ताराने लिहिते. अमेरिकेतील बफेलो येथील विद्यापीठात जॉन लेडी आणि बॅरी विलर यांनी विकसित केलेली ही पद्धत आहे. छातीला हृदयाचे ठोके मोजणारा पट्टा बांधतात, ट्रेडमिलचा वेग भरभर चालण्याइतका ठेवतात, आणि दर मिनिटाला चढ १ टक्क्याने वाढवत नेतात. प्रत्येक मिनिटाला तीन गोष्टी नोंदल्या जातात : हृदयाचे ठोके, श्रम किती वाटतात आणि लक्षणे किती आहेत. चाचणीपूर्वीच्या अंकापेक्षा लक्षणे ठरावीक मर्यादेपलीकडे वाढली की चाचणी थांबते, आणि त्या क्षणी ठोके किती होते तो आकडा म्हणजे आपला उंबरठा. ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांची त्या दिवशीची लक्षणे मुळातच तीव्र आहेत त्यांची ही चाचणी करत नाहीत, हे मला आधी विचारून व समजावून सांगण्यात आले.

नवव्या मिनिटाला माझ्या कानशिलात घण पडू लागले. ठोके १४२ होते. फिजिओथेरपिस्टनी लगेच वेग उतरवला, मला खुर्चीत बसवले, आणि कागदावर एक साधा गुणाकार केला : १४२ चे ८० टक्के, म्हणजे सुमारे ११४. रोज २० मिनिटे, ठोके ११४ च्या आसपास राहतील इतके चालायचे किंवा स्थिर सायकल चालवायची. त्यावर जायचे नाही, आणि चांगले वाटते म्हणून वेळही वाढवायची नाही. व्यायाम करताना लक्षणे १० अंकी मापावर आधीपेक्षा जास्तीत जास्त २ अंकांनी वाढली आणि तासाभरात मूळपदावर आली तर घाबरायचे नाही. त्याहून अधिक वाढली तर त्या दिवशी थांबायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सुरू करायचे. खेळाडूच्या दृष्टीने या सूचनेचे मोल किती असते हे खेळाडूलाच कळेल. ‘जपून राहा’ या सांगण्यात काय करायचे ते नसते, त्यामुळे मनुष्य एक दिवस भीतीने काहीच करत नाही आणि दुसऱ्या दिवशी कंटाळून फार करतो. ११४ हा आकडा मला पाळता आला.

हे केवळ माझ्यापुरते नव्हते, हेही त्यांनी समजावले. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लेडी यांच्या अभ्यासात १०३ किशोरवयीन खेळाडूंचे दोन गट होते. एका गटाला असा मोजून दिलेला हृदयगतीचा व्यायाम आणि दुसऱ्याला अंग ताणण्याचे व्यायाम. पहिल्या गटाच्या बरे होण्याचा मध्यक काळ, म्हणजे निम्मे खेळाडू बरे व्हायला लागलेला काळ, १३ दिवस होता, दुसऱ्याचा १७ दिवस. मी किशोरवयीन नाही आणि माझी सुरुवात बरीच उशिरा झाली, त्यामुळे हे दिवस मला लागू होणार नाहीत, असेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले. त्यांचा हा प्रामाणिकपणा मला पुढेही वारंवार दिसला. पहिल्या भेटीत मी ‘किती दिवसांत खेळेन’ असे तीनदा विचारले असेन. तिन्ही वेळा त्यांनी तारीख देण्यास नकार दिला. दर आठवड्याला चाचणी पुन्हा होत गेली. दुसऱ्या वेळी उंबरठा १५६ वर गेला, म्हणजे रोजचे माप १२५ झाले, आणि पाचव्या आठवड्यात मी दमेपर्यंत चालले तरी लक्षणे आली नाहीत. त्या दिवशी मी ट्रेडमिलवरून उतरून रडले, आणि तिथल्या कोणालाही त्याचे आश्चर्य वाटले नाही.

डोळ्यांचे आणि तोलाचे व्यायाम तुलनेने कंटाळवाणे होते, परंतु त्यांची आखणी चांगली होती. मणी ओवलेल्या दोरीवर एकेका मण्यावर नजर स्थिर करणे, भिंतीवरच्या अक्षराकडे पाहत मान हलवणे, फोमच्या गादीवर एका पायावर उभे राहणे, हे दिवसातून दोन-तीनदा काही मिनिटे करायचे असे. व्यायामाने चक्कर थोडी यायलाच हवी, अजिबात आली नाही तर मात्रा वाढवायची आणि फार आली तर कमी करायची, हे तत्त्व मला आधी उलटे वाटले होते. सातव्या आठवड्यापर्यंत अक्षर दुहेरी होण्याचे अंतर १४ वरून ६ सेंटिमीटरवर आले, आणि मी एका बैठकीत सलग चाळीस पाने वाचली.

आता तक्रारींकडे वळते. सर्वांत गंभीर तक्रार मानेविषयीची आहे. ज्या धक्क्याने मेंदू हादरतो तोच धक्का मानेलाही बसतो, आणि मानेच्या वरच्या सांध्यांतून उठणारी डोकेदुखी व चक्कर कन्कशनच्या लक्षणांत अगदी बेमालूम मिसळते. असे असूनही माझ्या मानेची नीट तपासणी तिसऱ्या भेटीत झाली, तीही डोक्याच्या मागच्या भागातील दुखणे हटत नाही असे मी दोनदा सांगितल्यावर. तपासणी केली तेव्हा मात्र उत्तम केली. डोक्याला लेसरचा दिवा बांधून, डोळे मिटून मान वळवायची आणि पुन्हा मध्यावर आणायची, मग भिंतीवरचा ठिपका मूळ जागेपासून किती सरकला ते मोजायचे. माझा ठिपका उजवीकडून परतताना दरवेळी चांगलाच चुकत होता. मान व तोल या दोहोंवर एकत्रित उपचार केल्याने किती फरक पडतो याचा कॅनडातील कॅथरिन श्नायडर यांचा २०१४ मधील अभ्यास प्रसिद्ध आहे; ३१ रुग्णांच्या त्या लहान अभ्यासात उपचार मिळालेल्या गटातील ७३ टक्के जणांना आठ आठवड्यांच्या आत खेळण्याची वैद्यकीय परवानगी मिळाली, तर दुसऱ्या गटात हे प्रमाण ७ टक्के होते. हा अभ्यास केंद्रातील सर्वांना ठाऊक होता. मग मान पहिल्याच दिवशी का तपासली नाही, या माझ्या प्रश्नावर वेळ अपुरा पडला असे उत्तर मिळाले. ते मला पटले नाही. दीड तासात संगणकावरील स्मरणशक्तीच्या चाचणीला पंचवीस मिनिटे दिली गेली होती, आणि माझे दुखापतीपूर्वीचे माप उपलब्ध नसल्यामुळे त्या चाचणीच्या निकालाचा पुढच्या उपचारात काडीचाही उपयोग झाल्याचे मला दिसले नाही.

दुसरी तक्रार प्रतीक्षाकक्षाची. जिथे येणाऱ्या प्रत्येकाला उजेड आणि आवाज खुपतो, तिथे छतावर प्रखर पांढऱ्या ट्यूबलाइट आणि भिंतीवर चालू टीव्ही असावा, ही गोष्ट अक्षम्य आहे. पहिल्या दोन भेटींत मी जिन्यात बसून राहिले. सांगितल्यावर टीव्ही बंद झाला. पुढच्या आठवड्यात तो पुन्हा चालू होता. त्याच जातीची अडचण लक्षणांच्या दैनंदिनीची : ती फोनच्या अॅपमध्ये रोज भरायची होती, आणि लहान अक्षरांचा तो पडदा सरकवताना मला मळमळत असे. कागदी तक्ता मागितला तेव्हा तो मिळाला, पण तो आधीच द्यायला हवा होता.

मनाच्या अवस्थेकडे पुरेसे लक्ष दिले गेले नाही, हे मी अधिक जपून लिहिते, कारण फिजिओथेरपिस्टच्या वागण्यात सहानुभूतीची कमतरता कधीच नव्हती. दर भेटीत यादीतील ‘उदास वाटणे’, ‘अस्वस्थ वाटणे’ यांपुढे मी ४ किंवा ५ लिहीत होते. ते अंक बेरजेत मिळवले जात, पण त्यांवर स्वतंत्र बोलणे पाचव्या भेटीत झाले आणि समुपदेशकाकडे पाठवणी सहाव्या भेटीत. संघापासून तुटणे, झोप नसणे, आणि बाहेरून धडधाकट दिसत असल्यामुळे घरच्यांनाही आपले दुखणे पटवून द्यावे लागणे, याने येणारी उदासी हा या दुखापतीचाच भाग आहे. तो उपचारांतही पहिल्यापासून असायला हवा.

कामावर परतण्याची आखणी बरी होती. आधी दिवसातून दोन तास, दर अर्ध्या तासाला पाच मिनिटे डोळे मिटून विश्रांती, मग हळूहळू वाढ. पण कामाच्या ठिकाणी देण्यासाठी जे पत्र मिळाले त्यात ‘हलके काम द्यावे’ एवढेच होते. माझे काम बसून संगणकावर करायचे आहे. वरिष्ठांच्या दृष्टीने ते हलकेच होते. दुसऱ्यांदा मागितल्यावर तास, विश्रांतीची वेळ आणि स्क्रीनची मर्यादा लिहिलेले पत्र मिळाले, आणि मग कोणी वाद घातला नाही.

खेळाकडे परतण्याच्या सहा टप्प्यांबाबत मात्र त्यांनी तसूभरही सवलत दिली नाही, आणि त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. दैनंदिन हालचाल, हलका आणि मग मध्यम हृदयगतीचा व्यायाम, एकट्याने करायचा खेळाचा सराव, धडकेची शक्यता नसलेला संघासोबतचा सराव, पूर्ण सराव, आणि शेवटी सामना, असा तो क्रम आहे, आणि प्रत्येक टप्प्याला किमान २४ तास द्यावे लागतात. चौथा टप्पा सुरू करण्यापूर्वी लक्षणे पूर्ण गेलेली असावी लागतात आणि डॉक्टरांची परवानगी लागते. मी पाचव्या टप्प्यावर असताना संघाचा महत्त्वाचा सामना होता. प्रशिक्षकांनी फोन करून ‘शेवटची वीस मिनिटे तरी’ असे विचारले. केंद्रातील डॉक्टरांनी स्वतः त्यांच्याशी बोलून नकार दिला, त्यामुळे तो नकार मला द्यावा लागला नाही. मेंदू सावरलेला नसताना बसलेला दुसरा मार, विशेषतः तरुण खेळाडूंमध्ये, क्वचित का होईना पण जीवघेणी सूज आणू शकतो, हे त्यांनी कोणताही आवाज न चढवता प्रशिक्षकांना सांगितले. लक्षणे उशिराही उमटतात याचे उदाहरण म्हणून त्यांनी २०१९ च्या अॅशेस मालिकेतील लॉर्ड्सच्या कसोटीची आठवण दिली : जोफ्रा आर्चरचा चेंडू मानेवर बसल्यानंतर स्टीव्ह स्मिथ तपासणीत उत्तीर्ण होऊन पुन्हा फलंदाजीला आला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी लक्षणे दिसल्याने त्याला सामन्यातून बाहेर काढावे लागले. त्याच्या जागी आलेला मार्नस लाबुशेन हा कसोटी क्रिकेटमधील पहिला कन्कशन बदली खेळाडू ठरला.

मार लागून चार आठवडे झाले तरी लक्षणे टिकून असतील, तर अशा केंद्रात जाण्यास मुळीच उशीर करू नये; शक्य असल्यास त्याही आधी जावे. भेट ठरवण्यापूर्वी फोनवर तीन गोष्टी विचाराव्यात : ट्रेडमिलवर किंवा सायकलवर उंबरठा मोजून व्यायाम देतात का, डोळे, तोल व मान यांची तपासणी पहिल्याच भेटीत होते का, आणि शेवटची परवानगी देणारे डॉक्टर तिथेच आहेत का. जिथे केवळ विश्रांती, गोळ्या आणि ‘बघू पुढच्या महिन्यात’ मिळते, तिथून मी परत फिरेन. या केंद्राकडे मात्र पुन्हा जाईन, मान पहिल्या दिवशी तपासा असे दारातच सांगून.

शेवटच्या भेटीत त्यांनी माझ्या सर्व नोंदींची प्रत न मागता दिली. त्यात बरे झाल्यानंतरची मापेही आहेत : लक्षणांची बेरीज २, दुहेरी अक्षराचे अंतर ५ सेंटिमीटर, संगणकावरील चाचणीचे गुण, एका पायावरचा तोल. पुन्हा कधी डोक्याला मार लागला तर तुलनेसाठी ती लागतील, म्हणून तो कागद प्लास्टिकच्या पाकिटात घालून मी बुटांच्या पिशवीत ठेवला आहे आणि त्याची एक प्रत संघाच्या प्रथमोपचार पेटीत आहे.